लवू घाडीगावकरची बायलाइन

वर्तमानपत्राच्या कचेरीत इंग्रजी येत नसलं तरी चालतं, ‘लाइन’ हा एक शब्द आला की भागतं. हे मत माझं नाही, लवू धोंडू घाडीगावकर याचं आहे, आणि ते त्याने नोकरीच्या पहिल्याच महिन्यात बनवलं होतं. नोकरी म्हणणंही जरा जास्तच झालं. गिरण्यांचा संप होऊन गेला होता. लवूची गिरणी उघडली, पण त्याच्यासारख्यांना बाहेर ठेवून उघडली. मग भांडुपच्या कातळवाडीत राहणारा, मागावर काम केलेला हा साचेवाला आमच्या दैनिकाचा भांडुपचा वार्ताहर झाला. कसा झाला ते विचारू नका. आमच्या मुलुंडच्या कचेरीचे प्रमुख चंद्रप्रकाश साहेब वार्ताहर नेमताना अक्षर बघायचे आणि सायकल आहे का ते विचारायचे. लवूचं अक्षर वाचता येत होतं आणि सायकल चालत होती.

मी त्या कचेरीत उपसंपादक होते. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या वार्ताहरांनी आणलेल्या बातम्यांतली विशेषणं खुडणं हे माझं काम. सुलक्षणाबाईंच्या हातात बातमी गेली की तिचं हाडकच बाहेर येतं, असं सगळे म्हणायचे. म्हणोत. ‘अभूतपूर्व उत्साहात’ पार पडलेली हळदीकुंकवं रोज वाचावी लागली की कोणाचंही डोकं फिरेल.

तर पहिल्या दिवशी साहेबांनी लवूला समोर बसवून धडा दिला. “हे बघ घाडी. बातमीच्या सुरुवातीला गाव आणि तारीख टाकायची, ती डेटलाइन. चारच्या आत बातमी माझ्या टेबलावर, ती डेडलाइन. हेडलाइन मी देणार, त्यात तू पडायचं नाही. आणि पेपरची म्हणून एक लाइन असते, ती सोडून लिहायचं नाही.”

“ती कुठली, साहेब?”

“ती मालक ठरवतात. बदलली की सांगीन.”

लवूने मान डोलावली. पुढे त्याला कळलं, की मानधन मिळतं तेही लाइनवर, म्हणजे छापून आलेल्या ओळींवर. फोन लागला नाही की लाइन खराब. पेपर टाकणारा सकाळी ज्या इमारती घेतो ती त्याची लाइन. चित्राचा ठसा केला तर तो लाइन ब्लॉक. आणि लवूच्या स्वतःच्या लाइनी होत्याच. सेंट्रल लाइन होती, रेशनची लाइन होती, टेकडीखालच्या नळावरची लाइन होती. शिवाय लग्नाआधी त्याने लालबागेत प्रेमावर मारलेली एक लाइन होती, तिचं फळ म्हणून प्रेमा आता कातळवाडीत पाणी भरत होती.

“ताई,” तो मला एकदा म्हणाला, “ह्या साहेब लोकांकडे शब्दांची एवढी टंचाई होती काय? एकाच शब्दाकडून तिन्ही पाळ्या करून घेतात.”

गिरणीतला माणूस, त्याला पाळ्या दिसणारच. मी हसले, आणि त्याच्या बातमीतलं ‘मोठ्या थाटामाटात’ खोडलं.

या सगळ्या लाइनींमध्ये त्याला हवी होती ती एकच, आणि ती त्याला सगळ्यात शेवटी कळली. बायलाइन. बातमीच्या डोक्यावर, मथळ्याच्या खाली, लिहिणाऱ्याचं नाव. आमच्याकडे उपनगरांच्या पानावर ती नसायचीच. ‘भांडुप, ता. ९ (वार्ताहर)’ एवढ्यावर माणूस संपायचा. कंसातला वार्ताहर कोण, हे त्याच्या बायकोलाही सिद्ध करता आलं नसतं.

लवूला नाव स्वतःसाठी नको होतं असं मी म्हणणार नाही. चाळीत लोक विचारायचे, “काय लवू, हल्ली काय करतोस?” आणि तो “पेपरात लिहितो” म्हणाला की समोरचा “हो का” म्हणून विषय बदलायचा. पण खरं कारण घरात होतं. त्याचे वडील, धोंडू. म्हाताऱ्याने उभी हयात त्याच गिरणीत काढली होती. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पगाराला अंगठा उठवायची लाज वाटते म्हणून कधीतरी रात्रवर्गाला बसला आणि आपलं नाव लिहायला शिकला, तेवढंच. त्यामुळे धोंडूबाबांना जगातला एकच शब्द वाचता यायचा, तो म्हणजे ‘धोंडू’. मुलगा पेपरात लागल्यापासून म्हातारा रोज सकाळी पेपर मांडीवर घ्यायचा आणि पहिल्या पानापासून बोट फिरवत तो शब्द शोधायचा. एकदा गोवंडीच्या हातभट्टीवर पडलेल्या धाडीत कोणी धोंडू पकडला गेला, तर हे दिवसभर खुशीत होते. लवूने “तो मी नाय, बाबा, आणि तुम्ही पण नाय” म्हणून सांगितलं तेव्हा म्हणाले, “तर मग तुझा खय आसा?”

बायलाइन पडली असती तर ‘लवू धोंडू घाडीगावकर’ असं पूर्ण नाव छापून आलं असतं, आणि म्हाताऱ्याला ते स्वतःचं स्वतः वाचता आलं असतं. लवूला एवढंच पाहिजे होतं. त्याने साहेबांकडे तीनचारदा शब्द टाकला.

“घाडी, उपनगराच्या वार्ताहराला नाव दिलं ना, की तो दुसऱ्या दिवशी व्हिजिटिंग कार्ड छापतो आणि तिसऱ्या दिवशी निवडणुकीला उभा राहतो,” साहेब म्हणाले. “आणि तुझं नाव एका कॉलमात मावणार कसं? मधेच तोडावं लागेल.”

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या पानाची पिशवी चार वाजता टेम्पोने शहरातल्या छापखान्यात जायची. आणि उपनगरांतले कार्यक्रम संध्याकाळी सहाचे असायचे, म्हणजे सुरू साडेसातला व्हायचे. कार्यक्रम बघून बातमी लिहिली तर ती तिसऱ्या दिवशी छापून यायची, आणि तोवर आयोजक पेपरच्या नावाने बोटं मोडून मोकळे. म्हणून सगळे वार्ताहर एक काम करायचे. कार्यक्रमाची पत्रिका आली की सकाळीच बातमी लिहून टाकायचे. प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्ष कोण, सूत्रसंचालन कोणाचं, सगळं पत्रिकेत असतंच. राहता राहिल्या टाळ्या, त्या कोण मोजायला बसलंय? ही फसवाफसवी आहे असं कोणाला वाटायचं नाही. साहेबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आयोजक तर येऊन विचारायचे, “बातमी झाली ना लिहून? मग आता करतो सुरुवात.”

लवू यात तरबेज होता. पाहुणे काय बोलणार ते तो आधी लिहायचा आणि पाहुणे संध्याकाळी तेच बोलायचे. ‘तरुणांनी व्यसनांपासून दूर राहावे’ हे वाक्य त्याने इतक्या जणांच्या तोंडी इतक्या अचूकपणे घातलं होतं, की मला वाटायचं पाहुणे त्याची जुनी कात्रणं वाचून येतात. हवामानाबद्दल मात्र तो कधी लिहायचा नाही. “पाऊस आपल्या हातात नसतो, ताई,” म्हणायचा. बाकी सगळं हातात असल्यासारखा.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा असेल. कातळवाडीत पाण्याची नवी लाइन येणार असं ठरलं. कातळवाडी म्हणजे टेकडीच्या डोक्यावर वसलेल्या चाळी, अर्ध्या कोकणातल्या, अर्ध्या नगर-साताऱ्याकडच्या बौद्ध मंडळींच्या, आणि सगळ्यांना मिळून एकच नळ, तोही टेकडीच्या पायथ्याशी. बायका पहाटे खाली उतरायच्या, हंडा-कळशी भरून वर चढायच्या, आणि पुन्हा उतरायच्या. प्रेमाच्या डोक्यावरचा केसांचा पट्टा चुंबळीने झिजून गेला होता. आता पाइप थेट वर आले होते, सिमेंटचा ओटा बांधला होता, त्यावर पितळेची तोटी बसवली होती. रविवारी संध्याकाळी उद्घाटन.

लवूने बातमी रविवारी सकाळीच लिहिली. पण ही बातमी त्याच्या दारातली होती, आणि त्याने ती नेहमीसारखी लिहिली नाही. पाहुण्यांना दोन ओळींत गुंडाळलं. बाकी सगळं पाण्यावर. तोटी उघडल्यावर आधी हवेचा आवाज आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. पहिला हंडा चंपाबाईंनी लावला, कारण पाण्यासाठी सगळ्यात जास्त भांडणं त्यांनी केली होती. पाण्याचा आवाज ऐकून म्हातारी माणसं घराबाहेर आली. एक बाई भरलेला हंडा तिथेच ठेवून नुसती बघत राहिली. तिला आता कुठे चढायचं नव्हतं आणि त्याची तिला सवय नव्हती.

मी लाल पेन्सिल हातात घेऊन वाचायला बसले आणि एक शब्दही खोडला नाही. लवू समोर उभा होता. त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली.

रविवारी बातम्यांचा दुष्काळ असतो. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग वर निळ्या शाईने लिहिलं, ‘चौकटीत. नावासह.’ लवूने ते उलट्या बाजूने वाचलं. जाताना सायकलचं कुलूप काढायला विसरला आणि सायकलसकट आडवा झाला.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. अगदी लिहिल्यासारखा झाला. पाहुणे आले, नारळ फुटला, फीत कापली, टाळ्या पडल्या, तरुणांनी व्यसनांपासून दूर राहावं असं सांगून झालं. मग पाहुण्यांनी तोटी फिरवली. हवेचा आवाज आला. गढूळ पाण्याची वाट बघत सगळे उभे राहिले. ते आलं नाही आणि स्वच्छही आलं नाही. थोड्या वेळाने हवाही थांबली. कोणीतरी म्हणालं, आज रविवार, चावीवाल्याला सुट्टी, तो उद्या सकाळी खालची चावी फिरवेल की येईल. पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं. आभार मानून झाले. चंपाबाई रिकामा हंडा घेऊन तिथेच उभ्या होत्या.

लवू धावत किराणावाल्याच्या फोनकडे गेला. मुलुंडच्या कचेरीत रविवारी चारनंतर चिटपाखरू नसायचं. छापखान्याचा नंबर त्याने किती वेळा फिरवला असेल देव जाणे, लाइन लागलीच नाही.

सोमवारी सकाळी पेपर आला. छान चौकट, ठळक मथळा, ‘कातळवाडीच्या दारी पाणी’. बातमीतलं पाणी सोडलं तर सगळं खरं होतं. आणि खाली नाव. पण साहेबांचं म्हणणं छापखान्यातल्या फोरमनलाही पटलं असावं, कारण नाव मावेना म्हणून त्याने ते आपल्या अकलेने आखडलं होतं. ‘ल. धों. घाडीगावकर’.

धोंडूबाबांनी पेपर मांडीवर घेतला. बोट फिरवत चौकटीवर आले आणि पुढे गेले. लवूने त्यांचं बोट धरून मागे आणलं. “ह्या बघा बाबा. धों. म्हणजे धोंडू.” म्हाताऱ्याने डोळे बारीक करून पाहिलं, पेपर लांब धरला, जवळ धरला. “ह्या माझा नाव नाय,” म्हणाले, आणि पान उलटलं.

याचं वाईट वाटून घ्यायलाही लवूला सवड मिळाली नाही, कारण दारात चंपाबाई उभ्या होत्या. नगरकडच्या, सहा फुटी आवाजाच्या. “काय ओ लवूभाऊ, माझा हंडा भरला म्हनं. पेपरात आलंय. मग मी काल रिकामा कुनाचा घिऊन आले घरला?” मागे सगळ्या बायका. प्रेमा त्यांच्यातच होती, नवऱ्याच्या बाजूने नव्हे. ती फक्त म्हणाली, “पेपरात भरलात ना, आता घरात पण भरा,” आणि कळशी त्याच्या हातात दिली.

चावीवाला आला, त्याने चावी फिरवली, काही झालं नाही. मग त्यानेच सांगितलं की चावीचा संबंधच नाही. रस्त्याखालचा जोड अजून दिलेला नाही, वरचे पाइप खालच्या पाइपाला कुठेच मिळालेले नाहीत, तेव्हा पाणी येईल ते कुठून? बायका सरळ पाण्याच्या ऑफिसात गेल्या. तिथले इंजिनिअर साहेब मोठे हसतमुख. त्यांनी फाइल उघडून दाखवली. काम पूर्ण. पुरावा म्हणून आमच्या पेपरचं कात्रण डिंकाने चिकटवलेलं. “अहो, पाणी आलंय,” ते म्हणाले. “तुमच्याच वाडीतल्या माणसाने लिहिलंय, नावानिशी. नाव घालून कोणी खोटं लिहील का?”

हे ऐकून लवू कचेरीत आला तो घामाने भिजलेला. झालं तेवढं सगळं त्याने सांगितलं आणि म्हणाला, “साहेब, खुलासा टाका.”

साहेबांचा चेहरा पडला. आमच्याकडे खुलासा म्हणजे शेवटच्या पानावर, निविदांच्या पोटात दोन ओळी, ‘नजरचुकीने’ या शब्दाने सुरू होणाऱ्या. तेवढं टाकायला ते तयार झाले. लवू म्हणाला, नाही. त्या जागी, तेवढ्याच चौकटीत, आणि माझ्या नावाने.

“वेडा झालास? वार्ताहर आधीच बातम्या लिहून ठेवतात, हे पेपरात छापू? सगळ्यांची वाट लागेल.”

“नजरचुकीने झालं म्हटलं तर ऑफिसवाले ते वाचणार नाहीत, साहेब. ते नाव बघतात. नाव खोटं बोललं, आता नावानेच खरं बोलायला पाहिजे.”

साहेब मला म्हणाले, “तू जाऊन बघून ये आधी. हा भावनेच्या भरात बोलतोय.”

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कचेरीबाहेर पडून बातमी बघायला गेले, तीही छापून आलेली बातमी. टेकडी चढताना दोनदा बसले. वर ओट्यावर पितळेची तोटी चकचकत होती, तिला रविवारचा हार तसाच होता, सुकलेला. मी तोटी फिरवली. कोणीच हसलं नाही. चंपाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमीच का त्या पेपरवाल्या बाई? ल्हिवलेलं तपासत असता म्हनं.”

“हो.”

“मग काय तपासलं?”

प्रेमाने प्यायला पाणी आणून दिलं, लहान पेला, काठोकाठ भरलेला. ते पायथ्यावरून आलेलं होतं हे मला दिसत होतं. पेला खाली ठेवावा असं फार वाटलं, पण तो अपमान झाला असता. प्यायले.

खाली आले ती भांडायचंच ठरवून. साहेबांना म्हटलं, मी तोटी फिरवून आले आहे, आता तुम्ही खुलासा टाकता की मी राजीनामा टाकू? साहेब माझ्या राजीनाम्याला घाबरणारे नव्हते, दर दिवाळीला मी एक द्यायचे. पण त्यांनी सोमवारचा पेपर पुढे ओढून ती चौकट पुन्हा वाचली. मग लवूला म्हणाले, “ठीक आहे. पण ऐक. खुलाशावर एकदा नाव पडलं की तुला पुन्हा बायलाइन नाही. मालक देऊ देणार नाहीत, आणि मीही मागणार नाही. तू वार्ताहर राहशील, कंसातला. जन्मभर. विचार करून सांग.”

मला वाटलं तो घरी जाऊन विचार करेल. त्याच्या जागी मी असते तर केला असता. तो म्हणाला, “लिहायला कागद द्या.”

त्याने लिहिलं ते असं होतं. ‘कातळवाडीत पाणी आल्याची माझ्या नावाने छापून आलेली बातमी मी कार्यक्रमाच्या आधी, सकाळीच लिहून दिली होती. कार्यक्रम झाला. पाणी आले नाही. अजूनही आलेले नाही. रस्त्याखालचा जोड राहिला आहे. माझ्या बातमीमुळे काम पूर्ण झाले असे समजले जात आहे. तसे समजू नये. चूक माझी आहे.’

साहेबांनी सुरुवातीला ‘नजरचुकीने’ घालायला पेन टेकवलं आणि मग स्वतःच ते उचललं. लवू म्हणाला, “एक विनंती आहे. नाव आखडू नका. चुकीला तरी पूर्ण पाहिजे.” मी कागदावर आडवं लिहिलं, ‘चौकट दोन कॉलमी करावी, पण नाव पूर्ण जावे’, आणि त्याखाली फोरमनसाठी चार शब्द वेगळे लिहिले, ते इथे देत नाही.

बुधवारी खुलासा छापून आला. आमच्या पेपरात तेवढं वाचलं गेलेलं दुसरं काही मला आठवत नाही. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत लोक हसले. सगळ्या मंडळांचे आयोजक घाबरले, कारण मालकांनी फर्मान काढलं की यापुढे बातमी कार्यक्रम झाल्यावरच लिहायची. उपनगरांच्या बातम्या एकदम शिळ्या येऊ लागल्या. घाटकोपरचा वार्ताहर जयवंत, जो प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला आयुष्यात कधी थांबला नव्हता, तो आता रोज भाषणं ऐकायला लागला आणि त्याने लवूशी बोलणं सोडलं. मला त्याची कणव आली नाही. भाषणांत खरंच काय असतं ते कधीतरी कळायला हवंच होतं.

आणि पाण्याच्या ऑफिसातल्या फाइलमध्ये त्या पहिल्या कात्रणाशेजारी दुसरं कात्रण चिकटवावं लागलं. नाव तेच. हसतमुख इंजिनिअर साहेब हसायचे थांबले, रस्ता खणला गेला, जोड दिला गेला. उद्घाटन एकदा झालेलं असल्यामुळे पुन्हा करता येईना, म्हणून पाणी कोणालाही न विचारता एका सकाळी आपलं आपण आलं.

लवूने मला बोलावलं होतं. मी वर पोचले तेव्हा ओट्याभोवती गर्दी होती. पहिला हंडा चंपाबाईंनी लावला होता. लवू बाजूला उभा होता, हातात कागद नाही, पेन्सिल नाही. मी विचारलं, बातमी लिहिलीत का? म्हणाला, “भरू दे आधी.” आणि खरोखर तो हंडा काठोकाठ भरेपर्यंत तो हलला नाही. मग दुसरा भरला, तिसरा भरला, तरी हा आपला बघतोच आहे. त्या दिवशीची बातमी आमच्याकडे उशिरा आली. दुसऱ्या दिवशीच्या पानात ती गेलीच नाही. नंतर छापली गेली ती ‘भांडुप (वार्ताहर)’ अशी, आणि त्यात मी दोन विशेषणं राहू दिली.

प्रेमाने चहाला बोलावलं. खोली लहान, पण लख्ख. धोंडूबाबा दाराशी पाट टाकून बसले होते. आत देवांच्या तसबिरींच्या शेजारी, कॅलेंडरच्या बरोबर खाली, भिंतीवर खळीने एक कात्रण चिकटवलेलं दिसलं. मला वाटलं, पहिली चौकट असेल, ‘कातळवाडीच्या दारी पाणी’. जवळ जाऊन पाहिलं तर तो खुलासा होता. ‘चूक माझी आहे. लवू धोंडू घाडीगावकर.’ त्यातला मधला शब्द बोट फिरवून फिरवून काळपट झाला होता.

म्हाताऱ्याला वाटत असणार की मुलाचं कौतुक छापून आलंय, आणि कोणी त्याला खरं सांगितलेलं नाही. मी लवूला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हटलं, “अहो, हे भिंतीवर कसलं लावलंत? त्यांना सांगितलं नाही का, यात काय लिहिलंय ते?”

“सांगितलं, ताई. अख्खं वाचून दाखवलं. दोनदा.”

म्हातारे बहिरे नव्हते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“उभो जल्म गिरणीत गेलो, बाय,” ते म्हणाले. “चूक झाली काय फळ्यार बिल्ल्याचो नंबर लिवीत नि दंड लावीत. नाव कोणी लिवूक नाय. माझ्या झिलान चुकीक नाव घातल्यान. बरा केल्यान.”